मुंबई वसवली कुणी, आखली कुणी?

मालेतलं आजचं व्याख्यान मानकोलीत आहे आणि विषय आहे मुंबई. मुंबईबद्दल बोलायला मानकोलीत कशाला यायचं, असं कुणाला वाटलं तर त्यांनी नाक्यावर पाच मिनिटं उभं राहून बघावं. नाशिककडून आणि भिवंडीकडून येणारे कंटेनर, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांची गोदामं आणि त्या गोदामांत पडलेला माल. त्यातला मोठा भाग उद्या-परवा मुंबई-ठाण्यातल्या कुणाच्या तरी दारात पोचणार असतो. मुंबईचं कोठार आज इथे आहे. आणि गंमत अशी, की मुंबई मुळात वसली तीच एक वखार म्हणून. तेव्हा वखारीपासून गोदामापर्यंतचा हा प्रवास कसा झाला, कुणी रेघा मारल्या आणि कुठे मारल्या, ते आपण आज बघू.

सुरुवात सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टीपासून करू. १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, तेव्हा मुंबई आंदणात गेली. शाळेत आपण इथे थांबतो. पण आंदण नेमकं किती, यावरून जे भांडण झालं ते शाळेत कुणी सांगत नाही, आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. इंग्रज म्हणत होते, मुंबई म्हणजे साष्टी आणि ठाण्यासकट. पोर्तुगीज म्हणत होते, मुंबई म्हणजे फक्त मुंबई. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन या घोळात अंजदीव बेटावर अडकला आणि १६६४ मध्ये तिथेच वारला. शेवटी हम्फ्री कुक याने १६६५ मध्ये फक्त मुंबई बेट पदरात पाडून घेतलं. तीन वर्षांनी, १६६८ मध्ये, चार्ल्सने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं.

आता विचार करा, इंग्रजांच्या हातात काय आलं? बंदर उत्तम, पण भात, लाकूड, गवत, यांतलं पुरेसं काहीच बेटावर नाही. हे सगळं कल्याण-भिवंडीकडून, खाडीने यायचं. आणि खाडीच्या तोंडाशी ठाण्याला पोर्तुगीज, तिकडे करंजालाही पोर्तुगीज. दोन्हीकडे ते मुंबईला जाणाऱ्या होड्यांवर जकात घ्यायचे. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलं होतं, मध्ये मुघलांकडे गेलं, १६७० मध्ये परत स्वराज्यात आलं. म्हणजे नव्या शहराची शिधासामग्री एकाच्या मुलखात, वाट दुसऱ्याच्या ताब्यात. मुंबईचा नकाशा समजून घ्यायचा असेल तर ही अडचण लक्षात ठेवा. हे शहर जन्मापासून बाहेरच्या जमिनीवर जगत आलंय.

मुंबईचा पाया घालणारा म्हणून जेराल्ड ऑंजियरचं नाव घेतात. १६६९ ते १६७७ हा त्याचा काळ. त्याने रस्ते आखले, चौक काढले असं चित्र डोळ्यांसमोर येतं, पण त्याचं खरं काम कागदावरचं आहे. त्याने न्यायालय सुरू केलं, टांकसाळ काढली आणि जमिनीचा वाद मिटवला. बेटावरच्या वाड्या आणि शेतं पोर्तुगीज काळापासून ज्यांच्याकडे होती, त्यांना इंग्रज येताच हक्काची धास्ती वाटू लागली होती. ऑंजियरने १६७२ मध्ये त्यांच्याशी करार केला. सगळ्या जमीनधारकांनी मिळून वर्षाला २०,००० शेराफिन, म्हणजे तेव्हाचं पोर्तुगीज चलनातलं नाणं, द्यावेत आणि कंपनीने त्यांच्या जमिनींना हात लावू नये. शहर वसवण्याची पहिली पायरी काय, तर जमीन कुणाची हे लिहून काढणं. दगड, चुना हे नंतर.

दुसरं काम माणसं आणण्याचं. कोळी, भंडारी, कुणबी, पाठारे प्रभू ही मंडळी इथे होतीच. त्यांना कुणी वसवलेलं नाही, ते शहराच्या आधीचे. पण वखारीला व्यापारी लागतात. दीवचा निमा पारेख नावाचा बनिया व्यापारी मुंबईला यायला तयार झाला, पण त्याने आधी अटी घातल्या. आपला धर्म पाळायला मोकळीक हवी, घरावर जबरदस्ती नको, अशा प्रकारच्या. १६७७ मध्ये कंपनीने त्या मान्य केल्या. यात उदारपणा किती आणि हिशोब किती, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्हाला हिशोब जास्त वाटतो. शेजारी पोर्तुगीज मुलखात धर्माच्या बाबतीत जाच होता, सुरतेवर लुटीची टांगती तलवार होती. अशा वेळी 'इथे कुणी त्रास देणार नाही' हीच सगळ्यात मोठी सवलत ठरते. पुढे १६८७ मध्ये कंपनीचं मुख्य ठाणं सुरतेहून मुंबईला आलं. ऑंजियरच्या काळात वस्ती साठ हजारांवर गेली, हा आकडा जॉन फ्रायर या प्रवाशाच्या अंदाजावरून आला आहे. त्याने काही जनगणना केली नव्हती, तेव्हा आकड्याकडे आकडा म्हणून बघू नका. वस्ती झपाट्याने वाढली, एवढं त्यातून घ्या.

मग तटबंदी. चार्ल्स बून गव्हर्नर असताना, १७१६ च्या सुमारास, शहराभोवती भिंत पुरी झाली. तीन दरवाजे: अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट. आज चर्चगेट म्हणजे स्टेशन, पण तो दरवाजा होता जिथे आता हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन आहे तिथे. भिंतीच्या आत दक्षिणेला इंग्रजांची घरं, उत्तरेला बाजार गेटच्या बाजूला आपल्या व्यापाऱ्यांची. मध्ये सेंट थॉमस चर्च, १७१८ चं. ही विभागणी कुठल्या कायद्याने झाली नव्हती, पण ती इतकी पक्की बसली की पुढची दीडशे वर्षं शहर त्याच घडीवर वाढलं.

भिंतीबाहेर काय झालं ते बघण्यासारखं आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. साष्टी आणि ठाणं त्याआधी दोन वर्षं मराठ्यांकडे आलंच होतं. आता माहीमच्या खाडीपलीकडे मराठे. मुंबईत इतकी घबराट उडाली, की व्यापाऱ्यांनी स्वतः वर्गणी काढली आणि किल्ल्याभोवती खंदक खणायला ३०,००० रुपये दिले. त्याच भीतीपोटी तटासमोरची नारळाची झाडं आणि झोपड्या काढून टाकल्या गेल्या. कारण तोफ डागायची तर समोर मोकळं मैदान पाहिजे, शत्रूला आडोसा मिळता कामा नये. त्या मोकळ्या पट्ट्याला एस्प्लनेड म्हणत. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल मैदान म्हणून आपण ज्यावर क्रिकेट बघतो, ते हेच. नगररचनेच्या पुस्तकात त्याला शहराची फुप्फुसं म्हणतील. पण ते कुणी हवेसाठी राखलं नव्हतं. मराठी फौजांच्या भीतीने राखलं होतं.

१७ फेब्रुवारी १८०३ ला कोटाच्या आत मोठी आग लागली. उत्तरेकडचा दाट बाजार जळाला. त्यानंतर बरीच वस्ती कोटाबाहेर, मैदानाच्या पलीकडे हलली. काळबादेवी, मांडवी, गिरगाव या बाजूला गर्दी वाढली. सरकारने कोट जपला, मैदान जपलं. पलीकडच्या वस्तीला गटार, पाणी, रस्ता काय मिळतं याकडे पुढची पन्नास-साठ वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही.

बेटं जोडण्याची कथा तुम्हाला माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधली खिंड बांध घालून बंद केली १७८० च्या दशकात, विल्यम हॉर्नबीच्या नावाने. आतली दलदल हळूहळू सुकली आणि तिथे कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्या झाल्या. मग शीवचा रस्ता, १८४५ मध्ये माहीमचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे, दुसऱ्या वर्षी कल्याणपर्यंत. आगगाडी कल्याणला गेली आणि खाडीचं महत्त्व ओसरलं. भिवंडीचं बंदर मागे पडायला हेही एक कारण. आपल्याकडे रेल्वेचं कौतुक खूप होतं, या बाजूबद्दल कुणी बोलत नाही.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, मुंबईत पैसा पाण्यासारखा आला. बार्टल फ्रियर गव्हर्नर होता. त्याने तट पाडला. त्या जागेवर आणि मैदानाच्या कडेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, तारघर अशा इमारती आल्या. समुद्र भरायच्या कंपन्या निघाल्या, शेअर आभाळाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, फुगा फुटला, भले भले दिवाळखोर झाले. पण इमारती राहिल्या. ही जी आज जागतिक वारसा म्हणून मिरवणारी रांग आहे, तिच्यामागे नियोजनापेक्षा सट्टा जास्त आहे.

तहान मात्र सट्ट्यावर भागत नाही. १८६० मध्ये विहार तलाव, १८७९ मध्ये तुळशी, तरी कमीच. १८९२ मध्ये तानसा झाला, शहापूर तालुक्यात. तिथून मुंबईला जाणारे नळ आपल्या भिवंडी तालुक्यातून, कशेळीला खाडी ओलांडून गेले. पूर्वी धान्य आणि लाकूड जायचं, आता पाणीही जायला लागलं. पाइपलाइनच्या कडेच्या गावांतल्या बाया हंडा घेऊन कुठे जात होत्या, ते इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आता प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला तो मांडवीत. मांडवी म्हणजे जकातीची जागा. बंदराला लागून असलेली धान्याच्या गोदामांची वस्ती. खाली गोणी, वर माणसं, मध्ये उंदीर. तेव्हा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिद्ध झालं नव्हतं. सरकारचं म्हणणं, घाणीने आणि दाटीने होतो. म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि मुंबईत पहिल्यांदा ज्याला आपण नगररचना म्हणतो ती पद्धतशीर सुरू झाली. नागपाड्याची पहिली योजना, सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट. समुद्रावरची हवा शहराच्या पोटात जावी म्हणून पूर्व-पश्चिम रस्ते कापले. दादर, माटुंगा, वडाळा इथे आखीव प्लॉट पाडले, त्यातून हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी उभ्या राहिल्या. दादरला आजही सावलीतून चालता येतं, ते या आखणीमुळे. हे ट्रस्टचं देणं मान्य केलं पाहिजे.

पण दुसरी बाजू अशी, की सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. नागपाड्यातला हमाल दादरच्या प्लॉटवर राहायला गेला नाही, कारण तो प्लॉट त्याच्यासाठी नव्हताच. तो शेजारच्या गल्लीत गेला आणि तिथली दाटी वाढली. एका ठिकाणची गर्दी मोडली की ती नाहीशी होत नाही, ती सरकते. किल्ल्यातून मांडवीला, मांडवीतून परळला. आणि १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं काम तिथून सरकत भिवंडीच्या यंत्रमागांवर आलं. माल साठवायची जागाही अशीच सरकली. मुंबईच्या हद्दीत माल आणला की जकात, म्हणून हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तेवढाच आत न्यायचा. भिवंडीच्या गोदामांचं हे मोठं कारण होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं गेली नाहीत. उलट वाढली, कारण रस्ते इथेच येऊन मिळतात. ठाण्याला पोर्तुगीज होड्या अडवत होते तेव्हापासूनचा हा हद्दीचा खेळ आहे, फक्त नाका पुढे-मागे होतो.

कालवार, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर ही नावं आज कुरिअरच्या पाकिटावर दिसतात. यातली बहुतेक भातशेतीची गावं, आगरी आणि कोळी मंडळींची. खाडीलगतची खार जमीन भराव टाकून उंच केली की गोदाम उभं राहतं, पण भरतीच्या वेळी पावसाचं पाणी जिथे पसरायचं ती जागा जाते. मुंबईने बेटं भरताना हेच केलं. फरक इतकाच, की तिथे निदान बांध कुठे घालायचा हे एकाने ठरवलं होतं. इथे प्रत्येकाने आपापल्या सातबाऱ्यापुरतं ठरवलं, आणि नाल्याचा सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. गोदामांना लागणाऱ्या आगींच्या बातम्या आपण वाचतोच. आत काय साठवलंय हे बंबवाल्यांना बाहेर उभं राहून विचारावं लागतं, तेव्हा १८०३ ची आठवण येते.

आता मोठागावचा पूल झाल्याने डोंबिवली हाकेच्या अंतरावर आली. भाव वाढणार, घरं येणार. भिवंडीभोवतालच्या गावांसाठी नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीए आहे, म्हणजे रेघा मारण्याचा अधिकार तिथे आहे. पण १९६६ च्या नगररचना कायद्यात एक गोष्ट आहे जी निमा पारेखला मिळाली नव्हती. त्याला आपली अट घालायला स्वतः व्यापारी असावं लागलं. आज प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ठरावीक मुदतीत कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतो आणि त्यावर सुनावणी घ्यावी लागते. नकाशा पाहायला मिळाला की आधी तीन गोष्टी शोधा. गावठाणाची हद्द कुठे संपवली आहे, कारण वाढलेली घरं तिच्याबाहेर राहिली तर ती अनधिकृत ठरतात. नाला आणि खाडीचं पात्र किती रुंद दाखवलंय. आणि आपल्या शेतावर कुठल्या रंगाचं आरक्षण पडलंय. हरकत लिहिताना गट नंबर घाला, सातबाऱ्याचा उतारा जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.