मे महिन्यातला पॉवर सप्लाय

ग्वाल्हेरात जुना बेंच पॉवर सप्लाय मिळायला फार हिंडावं लागत नाही. इथली माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स 1957 सालची, जिवाजी विद्यापीठ 1964 सालचं. प्रयोगशाळा इतक्या जुन्या असल्या की गावात यंत्रंही साठतात. ठाण्याची अ‍ॅप्लॅब 1962 पासून असली उपकरणं बनवत आली. माझ्या टेबलावर आहे तो भंगारातून आलेला, नाव खरवडून गेलेला, 0 ते 30 व्होल्ट, 2 अँपिअरचा. आठ-नऊ किलो वजन, काट्याचे दोन मीटर.

वजन ट्रान्स्फॉर्मरचं आणि हीटसिंकचं. हे दोन्ही आज नव्याने घ्यायला गेलं तर खिसा हलका होतो, म्हणून ते ठेवायचे आणि बाकीच्याकडे संशयाने पाहायचं.

पहिलं काम वायरीचं. दोन पिनांची जुनी वायर काढून तीन पिनांची लावायची आणि अर्थची तार रंग खरवडून थेट पत्र्याच्या डब्याला जोडायची. मग 100 वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घालून सप्लाय चालू करायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. भगभगत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. उघड्या सप्लायमध्ये हात घालण्याआधी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरने रिकामा करावा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे उस्ताद पुष्कळ आहेत, त्यांचं अनुकरण नको.

हा कपॅसिटर बहुधा बदलावाच लागतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आमच्या लष्कर भागात लू सुटली की खोलीतच पारा 40 च्या वर असतो. डब्याच्या आतलं विचारूच नका. म्हणून 85 ऐवजी 105 अंशांचा घ्यावा. 30 व्होल्ट एसीचे ब्रिजनंतर 40 च्या आसपास डीसी होतात, रात्री लाइन चढली की अजून थोडे. 63 व्होल्टचा कपॅसिटर हवा. 4700 मायक्रोफॅरडवर 2 अँपिअर ओढले की रिपल जवळपास 4 व्होल्टचा. 10,000 चा लावला तर तो निम्म्यावर येतो. त्याहून मोठा लावायचा मोह आवरावा. प्रत्येक अर्धलहरीत विजेचा झटका तेवढा टोकदार होतो आणि ट्रान्स्फॉर्मर तापतो.

आता खरी गोम. असला सप्लाय जास्तीचे व्होल्ट उष्णतेत जाळतो. आत 40 व्होल्ट, बाहेर 5 व्होल्ट 2 अँपिअर, म्हणजे 35 गुणिले 2, 70 वॅट, ते सगळे एका 2एन3055 ट्रान्झिस्टरवर. त्याच्या कागदावर 115 वॅट लिहिलेत, पण ते ट्रान्झिस्टरची टोपी 25 अंशांना असताना. दर अंशाला अंदाजे 0.66 वॅट कमी करत जायचं. हीटसिंक दर वॅटला 1 अंश चढतो असं धरलं, तर जानेवारीच्या 15 अंशांत टोपी 85 ला जाते आणि परवानगी उरते 75 वॅटची. जेमतेम तरतो. मेमधल्या 45 अंशांत टोपी 115 ला, परवानगी 56 ची. मेला. अभ्रकाच्या चकतीचा अडथळा धरला तर हिशोब आणखी बिघडतो.

उपाय दोन, दोन्ही करावेत. एकाऐवजी दोन ट्रान्झिस्टर समांतर लावून प्रत्येकाच्या एमिटरला 0.22 ओहमचा रेझिस्टर घालावा, म्हणजे भार वाटला जातो. आणि ट्रान्स्फॉर्मरला मधला टॅप असेल तर कमी व्होल्टच्या कामाला रिलेने अर्धंच वाइंडिंग घ्यावं. आत 20 व्होल्ट राहिले की तेच 70 वॅट 30 वर येतात.

त्यानंतर पॉट. व्होल्टेजचा पॉट फीडबॅकमध्ये असतो: कडा आउटपुट आणि ग्राउंडला, मधला पाय रेग्युलेटरला, जो बहुधा 1967 साली फेअरचाइल्डने आणलेला 723 असतो. झिजलेल्या कार्बनवरून मधला पाय क्षणभर उचलला गेला की रेग्युलेटरला वाटतं बाहेर काहीच नाही, आणि तो सगळे व्होल्ट सोडून देतो. माझा एक बोर्ड असाच गेला. 10 किलोओहमच्या पॉटला मधल्या पायापासून आउटपुटच्या पायापर्यंत 100 किलोओहमचा रेझिस्टर जोडला की संपर्क सुटल्यावर व्होल्ट चढण्याऐवजी तळाला जातात. काही रुपयांचा सुटा भाग, पण अख्ख्या दुरुस्तीत मी याला सगळ्यात वरचं मानतो. दहा फेऱ्यांचा पॉट, आउटपुटवर उलटा डायोड, हे नंतर निवांत.

डिजिटल मीटर लोक आधी लावतात, मी शेवटी. त्याला वीज वेगळ्या छोट्या वाइंडिंगवरून द्यावी, नाहीतर 4 व्होल्टच्या खाली तो मालकासकट झोपतो. त्याचा शंट निगेटिव्ह तारेत बसतो. व्होल्टेज मोजायची तार शंटच्या पलीकडून घेतली नाही, तर भार वाढला की बाहेरचे व्होल्ट गुपचूप घसरतात.

शेवटी करंट लिमिट 2 अँपिअरवर ठेवून दोन्ही टर्मिनल जाड तारेने शॉर्ट करायची, 20 मिनिटं तशीच ठेवायची आणि हीटसिंकवर थर्मामीटर लावून बसायचं. मी ही चाचणी मे महिन्यात दुपारी तीन वाजता करतो, पंखा बंद ठेवून.