हजारो तुकड्यांचा एक डोंगर

आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराचे एक छायाचित्र आहे. चांगल्या मासिकाच्या छपाईइतक्या बारकाईने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ते कागदावर उतरवायचे म्हटले, तर सुमारे २८ हजार चौरस फूट कागद लागेल. जमिनीच्या मापात जवळजवळ सव्वीस गुंठे. त्यात ३६ हजार ५०० कोटी पिक्सेल आहेत. मोबाइलवरच्या नेहमीच्या फोटोत असतात सव्वा कोटीच्या आसपास. फिलिपो ब्लेंजिनी या इटालियन छायाचित्रकाराच्या चमूने २०१४च्या अखेरीस साडेतीन हजार मीटर उंचीवर, उणे दहा अंशांच्या थंडीत दोन आठवडे राहून हे काम केले. ३५ तासांच्या प्रत्यक्ष चित्रणात ७० हजार फोटो निघाले आणि ते एकमेकांना जोडण्यात पुढे दोन महिने गेले. २०१५मध्ये ते जगासमोर आले.

असे चित्र एका क्लिकमध्ये निघत नाही, कारण एका लेन्सला आणि एका सेन्सरला किती तपशील पेलवेल याला मर्यादा असते. मग उपाय एकच उरतो. लांब पल्ल्याची टेलिफोटो लेन्स घ्यायची, समोरच्या दृश्याचा अगदी छोटा तुकडा टिपायचा, कॅमेरा किंचित वळवायचा, पुढचा तुकडा टिपायचा. ब्लेंजिनींनी ४०० मिलिमीटरच्या लेन्सला दुप्पट करणारा एक्स्टेंडर लावला होता. त्यातून कॅमेऱ्याला एका वेळी जेमतेम दीड अंशाचे दृश्य दिसते. पौर्णिमेचे तीन चंद्र शेजारी शेजारी मावतील, एवढेच. अशा तुकड्यांनी अख्खी पर्वतरांग भरून काढायची, तर हाताने कॅमेरा वळवून भागत नाही. ट्रायपॉडवर मोटार लावलेले यांत्रिक डोके बसवतात. ते ठरलेल्या अंशात वळते, थांबते, कॅमेऱ्याचा हादरा विरेपर्यंत वाट पाहते आणि मग शटर उघडते.

ही हौस डिजिटल कॅमेऱ्याबरोबर आलेली नाही. १८७५मध्ये सिडनीत बर्नहार्ड होल्टरमन या धनिकाने आपल्या घराच्या मनोऱ्यावरून चार्ल्स बेलिस या छायाचित्रकाराकडून सिडनी बंदराचा पॅनोरमा करून घेतला. त्यात २३ तुकडे आहेत आणि लांबी जवळजवळ दहा मीटर. तेव्हा काचेवर रसायनाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याआधी काच धुवायची, असा मामला होता. मनोऱ्यावर हे सगळे तेवीस वेळा निभावणाऱ्या बेलिसचे कौतुक करावे तेवढे थोडे. पुढे २००३मध्ये मॅक्स लायन्स यांनी अमेरिकेतल्या ब्राइस कॅन्यनचे १९६ फोटो जोडून शंभर कोटी पिक्सेलची वेस ओलांडली. त्यांचा कॅमेरा होता अवघ्या साठ लाख पिक्सेलचा.

डोंगरावर उभे राहिल्यावर पहिली अडचण येते ती जवळच्या वस्तूंची. कॅमेरा वळवला की जवळचा दगड आणि दूरचे शिखर एकमेकांच्या मानाने सरकतात. डावीकडच्या फोटोत दगडाच्या मागे झाड दिसते, उजवीकडच्या फोटोत तेच झाड दगडाच्या बाजूला आलेले असते. हे दोन फोटो कोणतेच सॉफ्टवेअर नीट जोडू शकत नाही. त्यावर तोड म्हणजे कॅमेरा लेन्सच्या एका विशिष्ट बिंदूभोवती फिरवणे. छायाचित्रकार त्याला सर्रास नोडल पॉइंट म्हणतात. काटेकोर बोलायचे तर तो लेन्समधून दिसणाऱ्या छिद्राचा मध्य असतो. तो शोधायची रीत सोपी आहे. एक काठी जवळ रोवायची, दुसरी दूर, आणि दोन्ही एका रेषेत आणायच्या. मग कॅमेरा डावी-उजवीकडे वळवून पाहायचा. काठ्या एकमेकींपासून सरकल्या, तर कॅमेरा पट्टीवर थोडा मागे-पुढे करायचा. सरकणे थांबले की बिंदू सापडला. समोर नुसती दूरची शिखरे असतील तर थोडी चूक खपून जाते. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून पायाखालच्या कातळासकट खालचे कोकण टिपायचे असेल, तर ही खटपट टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट, ऑटो सगळे बंद. एक्सपोजर कॅमेऱ्यावर सोडले तर बर्फाचा तुकडा काळवंडतो आणि जंगलाचा तुकडा उजळतो, कारण कॅमेरा प्रत्येक तुकडा सरासरी उजेडावर आणू पाहतो. व्हाइट बॅलन्स आणि फोकसही एकदा लावून तसेच ठेवायचे. शेजारच्या फोटोंत पंचवीस ते तीसेक टक्के भाग सामाईक राहील, इतपतच कॅमेरा वळवायचा.

हवा आणि ऊन मात्र आपल्या हातात नसतात. ऊन तापले की तापलेली हवा हलते आणि लांब लेन्समधून कडे थरथरताना दिसतात. मग कितीही पिक्सेल असले तरी तपशील मिळत नाही. म्हणून सकाळची वेळ. आपल्या सह्याद्रीत पावसाळा सरल्यावर हवा धुतलेली असते, मार्चपर्यंत धुरकट होत जाते. शिवाय आकाशात सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो आणि सावल्या फिरत राहतात. लांबच लांब पॅनोरमा आडव्या ओळींनी टिपला, तर वरच्या ओळीतला तुकडा आणि त्याच्या खालचा तुकडा यांत बराच वेळ जातो आणि जोडावर सावली तुटते. उभ्या रकान्यांनी टिपला, तर शेजारच्या दोन तुकड्यांत फार तर एका रकान्याएवढ्या वेळाचे अंतर राहते.

आता जोडकाम. पूर्वी दोन फोटोंतले सारखे बिंदू माणूस डोळ्यांनी हेरायचा. हेल्मुट डेर्श यांनी १९९८मध्ये तयार केलेल्या पॅनोरमा टूल्सवर अनेकांनी असेच काम केले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले डेव्हिड लो यांनी १९९९मध्ये मांडलेल्या पद्धतीने हे काम संगणकाकडे गेले. फोटोत जिथे ठळक कोपरे, डाग, कंगोरे असतात ते बिंदू संगणक निवडतो आणि प्रत्येकाच्या आसपासच्या उजेड-अंधाराची नोंद १२८ आकड्यांत करतो. फोटो फिरला, लहानमोठा झाला, तरी हे आकडे फारसे बदलत नाहीत. दोन फोटोंत आकडे जुळले की जोडी ठरली. यातल्या काही जोड्या चुकीच्या असतात. म्हणून संगणक मोजक्या जोड्या यदृच्छेने उचलतो, त्यांवरून फोटोंची जागा ठरवतो आणि बाकीच्या किती जोड्या तिला दुजोरा देतात ते मोजतो. असे पुन्हा पुन्हा करून सर्वाधिक दुजोरा मिळालेली जागा पक्की होते.

कोऱ्या बर्फावर किंवा निळ्या आभाळात मात्र कोपराही नसतो आणि डागही नसतो. तिथे यांत्रिक डोके किती अंश वळले होते, या हिशेबावरच तुकडा बसवावा लागतो.

जोड दिसू नये म्हणून वापरतात ती युक्ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. १९८३मध्ये पीटर बर्ट आणि एडवर्ड एडल्सन यांनी ती मांडली. प्रत्येक फोटोची ढोबळ रंगछटा आणि बारीक तपशील वेगवेगळ्या थरांत फोडायचे. ढोबळ छटा रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायच्या आणि बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. त्यामुळे आभाळात रंगाची पायरी दिसत नाही आणि दगडाची रेघही दुहेरी होत नाही. सगळे मिसळणे एकाच रुंदीने केले, तर यातली एक खोट राहतेच.

माझ्या मते आकड्यांची चढाओढ हा यातला कमी महत्त्वाचा भाग. डेव्हिड ब्रेशियर्स या अमेरिकन गिर्यारोहक-चित्रपटकाराने २०१२च्या वसंतात पुमोरी शिखराच्या सोंडेवरून एव्हरेस्ट आणि खुंबू हिमनदीचा पॅनोरमा केला. त्यात ४७७ फोटो आणि सुमारे ३८० कोटी पिक्सेल आहेत, म्हणजे माँ ब्लाँच्या एक टक्क्याच्या जवळपास. तरीही तो मला अधिक मोलाचा वाटतो. पडद्यावर आधी सगळी शिखरे दिसतात. जवळ जात राहिले की हिमनदीच्या काठावरचे रंगीत ठिपके बेस कॅम्पचे तंबू होतात. बर्फाची प्रत्येक भेग, बर्फावर पडलेला प्रत्येक मुरूम-दगड जागच्या जागी नोंदलेला आहे. फोटो घेताना ज्याकडे कुणाचे लक्षही नव्हते, ते नंतर कुणी शोधू म्हटले तर सापडते.

ब्रेशियर्स यांनी २००७मध्ये सुरू केलेला ग्लेशियरवर्क्स हा प्रकल्प याच हेतूचा होता. १९२१च्या पहिल्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज मॅलरी यांनी तिबेटच्या बाजूने रोंगबुक हिमनदीचा फोटो घेतला होता. त्याच मोहिमेत ऑलिव्हर व्हीलर कॅमेऱ्याने मोजणी करत होते. या जुन्या फोटोंच्या जागा शोधून, तिथेच उभे राहून ब्रेशियर्स यांनी नवे फोटो घेतले. रोंगबुकचे दोन फोटो शेजारी ठेवल्यावर बर्फाची पातळी तीनशे फुटांहून अधिक खाली गेलेली दिसली. मॅलरींच्या फोटोवरून मोजमाप जमले, कारण मागच्या शिखरांच्या रेषेवरून उभे राहण्याची जागा पुन्हा हुडकता आली. आज असा पॅनोरमा करणाऱ्याने चित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, लेन्स, तारीख आणि वेळ लिहून ठेवली, तर पुढच्या माणसाची ती शोधाशोध वाचते.