नेट न तोडता दुरुस्ती: पाच गैरसमज

‘पहाटे २ ते ४ दुरुस्तीचं काम, नेट बंद राहील,’ असा मेसेज आला की आपण निमूटपणे मान्य करतो. दुरुस्ती म्हटली की नेट जाणारच, असं आपण धरून चालतो. पण काम आधीपासून ठरलेलं असेल आणि दुसरा मार्ग हाताशी असेल, तर ग्राहकाला पत्ता न लागताही राउटर बदलता येतो.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र जाळ्यांची जोडणी. ‘हे पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील’ हे या जाळ्यांचे राउटर एकमेकांना बीजीपी या १९८९ पासूनच्या प्रोटोकॉलने सांगतात. दोन राउटरांमधल्या या अखंड बोलण्याला सेशन म्हणतात. समजा, गडहिंग्लजच्या एका पुरवठादाराने एकाच मोठ्या कंपनीकडून दोन अपलिंक, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडे नेणाऱ्या जोडण्या, घेतल्या आहेत. कोल्हापूरची मुख्य, बेळगावची राखीव. आता कोल्हापूरची अपलिंक कामासाठी बंद करायची आहे.

गैरसमज १: दोन अपलिंक आहेत, मग एक बंद केली तरी काही बिघडत नाही.
वस्तुस्थिती: बिघडतं, थोडा वेळ का होईना. बीजीपीत राउटर आपल्याला सर्वांत चांगला वाटलेला एकच मार्ग इतरांना कळवतो. कोल्हापूरचा मार्ग पसंतीचा असेपर्यंत कंपनीचा बेळगावचा राउटर स्वतःच्या मार्गाबद्दल गप्प असतो. त्यामुळे कोल्हापूरचं सेशन अचानक बंद झालं, की कंपनीच्या मुंबईतल्या राउटरकडे गडहिंग्लजचा एकही मार्ग उरत नाही. बेळगावने आपला मार्ग जाहीर करेपर्यंतची पॅकेट्स वाया जातात. चालू कॉल अडखळतो, दुकानातलं यूपीआय पेमेंट गोल गोल फिरत राहतं.

यावर मार्च २०१८ मध्ये आरएफसी ८३२६ या दस्तऐवजाने ‘ग्रेसफुल शटडाऊन’ ही ठरलेली रीत घालून दिली. सेशन बंद करण्याआधी आपल्या मार्गांवर ६५५३५:० ही खूण लावायची. ही खूण दिसली की समोरचा राउटर त्या मार्गाची पसंती शून्यावर आणतो. मार्ग चालूच असतो, फक्त सर्वांत शेवटच्या पसंतीचा होतो. मग बेळगावचा राउटर बोलू लागतो आणि मुंबई त्या बाजूला वळते. पूल दुरुस्तीला घेताना वाहतूक आधी दुसऱ्या रस्त्याने वळवतात आणि पूल रिकामा झाल्यावरच अडथळे लावतात, तशातलाच हा प्रकार. गडहिंग्लजहून बाहेर जाणारा ट्रॅफिकही वळायला हवा, म्हणून पुरवठादाराने त्या सेशनवरून आलेल्या मार्गांची पसंती आपल्याकडेही उतरवायची असते.

गैरसमज २: केबल काढली की समोरच्या राउटरला लगेच कळतं.
वस्तुस्थिती: केबल थेट राउटरला जोडलेली असेल तर बहुधा कळतं. पण मध्ये स्विच असेल, तर समोरचं पोर्ट चालूच दिसतं. मग राउटर होल्ड टाइम, म्हणजे समोरून काहीच ऐकू न आल्यास थांबायची मुदत, संपण्याची वाट पाहतो. बीजीपीच्या प्रमाण दस्तऐवजात त्यासाठी ९० सेकंद सुचवले आहेत, तर सिस्कोच्या राउटरवर मुळात १८० सेकंद ठरलेले असतात. तेवढा वेळ ट्रॅफिक बंद दाराशी जाऊन आपटत राहतो.

गैरसमज ३: ग्रेसफुल शटडाऊन आणि ग्रेसफुल रीस्टार्ट एकच.
वस्तुस्थिती: दोन्हींचा उद्देश उलटा आहे. रीस्टार्टमध्ये बीजीपीचं सॉफ्टवेअर पुन्हा सुरू होत असताना शेजाऱ्याने, म्हणजे समोरच्या राउटरने, ट्रॅफिक त्याच मार्गावर चालू ठेवायचा असतो. शटडाऊनमध्ये तो त्या मार्गावरून काढून घ्यायचा असतो. ज्या राउटरची वीजच जाणार आहे, त्याच्यासाठी रीस्टार्टवर विसंबलं तर सगळा ट्रॅफिक अंधारात जातो.

गैरसमज ४: खूण लावली की आपलं काम झालं.
वस्तुस्थिती: शेजाऱ्याने ती मानायची तयारी स्वतःच्या राउटरवर केलेली असावी लागते, म्हणून आधी विचारून घ्यावं. खूण लावल्यावर काही मिनिटं थांबून त्या अपलिंकवरच्या ट्रॅफिकचा आलेख खाली आलेला डोळ्यांनी पाहावा आणि मगच सेशन डाऊन करावं. सेशन बंद करताना कारणाचा छोटा मजकूर शेजाऱ्याला पाठवायची सोयही २०१७ पासून आहे.

गैरसमज ५: ही रीत पाळली की नेट कधीच जाणार नाही.
वस्तुस्थिती: ही रीत फक्त ठरवून केलेल्या कामासाठी आहे. रस्त्याच्या खोदाईत जेसीबीने फायबर तोडली तर आधी खूण कोण लावणार? चुकीच्या आदेशापुढेही तिचा इलाज चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीदरम्यान दिलेल्या एका आदेशाने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं अख्खं जाळं तुटलं. फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते.

शिवाय दुसरा मार्गच नसेल तर ट्रॅफिक वळवणार कुठे? एकाच कंपनीची एकच लाइन घेऊन पुढे वाटणाऱ्या केबलवाल्याला बीजीपीची गरजच पडत नाही. त्याच्याकडच्या दुरुस्तीत नेट जाणारच. म्हणून दुकान, दवाखाना किंवा पतसंस्थेसाठी जोडणी घेताना वेगाच्या आकड्याबरोबर दोन गोष्टी विचाराव्यात: दुसरी अपलिंक आहे का, आणि ती वेगळ्या रस्त्याने येते का? दोन्ही फायबर एकाच चरातून आल्या असतील, तर एका खोदाईत दोन्ही जातील.