निष्क्रिय खाते

बँकेत ‘बंद खाते’ वेगळे आणि ‘निष्क्रिय खाते’ वेगळे. निष्क्रिय खात्यातली रक्कम जागेवर असते, व्यवहार तेवढे थांबलेले. आपल्या काही जनुकांचेही असेच आहे.

पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे जनुक थंडावते आणि मोठेपणीच्या हिमोग्लोबिनचे जनुक कामाला लागते. सिकलसेलचा दोष या दुसऱ्या जनुकात असतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे ठणकतात. विदर्भात, नंदुरबारकडे हे दुखणे अनेक घरांना ठाऊक आहे.

पहिल्या जनुकाला आवरते ते ‘बीसीएल११ए’ हे प्रथिन, असे अमेरिकेत विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आदींनी २००८ साली दाखवले. रुग्णाच्याच मूळपेशींत त्याची पकड सैल करणारा उपचार २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत मान्य झाला. अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर!

मग गडचिरोलीच्या आईने काय करावे? हायड्रॉक्सियुरिया ही जुनी, स्वस्त गोळी हेच निष्क्रिय खाते थोडेफार चालू करते. वेदनांचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, न चुकता घ्यावी लागते. गावच्या आरोग्य केंद्रात ती दर महिन्याला मिळते की नाही, एवढे तरी आपण विचारत राहावे.