जगात जर्मनी, परभणीत ओहम!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हा डायलॉग आपल्या कट्ट्यावर दिवसातून एकदा तरी पडतोच. पण या दोन्ही ठिकाणांना जोडणारी एक खरीखुरी तार आहे, हे किती जणांना माहितीये? जर्मनीतल्या एका शिक्षकानं 1827 मध्ये पुस्तक छापून एक नियम मांडला. आज जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत, ज्या-ज्या विहिरीवर ‘व्होल्टेज न्हाई, मोटार उचलंना’ असं ऐकू येतं, तिथं तोच नियम काम करत असतो. नाव ओहमचा नियम. नववीत पाठ केला, पाच मार्क मिळवले आणि विसरलो!

गेओर्ग ओहम हा कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. कलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा, प्रयोगाची उपकरणं स्वतःच बनवायचा. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब स्थिर राहत नसे. म्हणून त्यानं तांबं आणि बिस्मथ या धातूंचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. त्यातून मिळणाऱ्या स्थिर दाबावर त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून मोजमाप केलं. पुस्तकाचं स्वागत मात्र थंडच झालं, त्यानं नोकरीही सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ले पदक दिलं ते 1841 मध्ये.

ठिबकच्या नळीत लपलेला नियम

विभवांतर, विद्युतधारा आणि रोध ही पुस्तकी नावं बाजूला ठेवा. शेतातलं ठिबक डोळ्यांसमोर आणा. पाण्यामागचा दाब म्हणजे व्होल्टेज. नळीतून वाहणारं पाणी म्हणजे करंट. नळीची अरुंदी आणि लांबी करते ती अडवणूक म्हणजे रोध. नळी फार लांबवली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, कारण वाटेतच दाब खर्च होतो. तारेतही हेच होतं.

सूत्र एका ओळीचं: व्होल्टेज = करंट × रोध. होस्टेलवर पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड घ्या. 230 व्होल्टवर तो साधारण 4.3 अँपिअर करंट घेतो, म्हणजे त्याचा रोध झाला सुमारे 53 ओहम. आता लाईट डीम झाली, व्होल्टेज 180 वर आलं. रोध जवळपास तोच, म्हणून करंट 3.4 अँपिअर. दाब आणि करंट दोन्ही घटले, त्यामुळे ताकद उरली 610 वॅटच्या आसपास. जी बादली अर्ध्या तासात तापायची, तिला आता पाऊण तासाहून जास्त लागणार.

मग मोटार का जळते?

इथं हुशार पोरगं विचारेल, ‘व्होल्टेज कमी झालं तर करंटही कमी व्हायला पाहिजे ना? मग मोटारीची वाइंडिंग कमी व्होल्टेजवर कशी जळते?’

प्रश्न एकदम बरोबर. मोटार म्हणजे रॉडसारखा नुसता रोध नाही. फिरणारी मोटार आतून उलटा दाब तयार करते आणि येणारा करंट आवरून धरते. चालू करताना ती थांबलेली असते, हा आवर नसतो, म्हणून त्या क्षणी करंट नेहमीच्या पाच-सहा पट जातो. व्होल्टेज घसरलं की मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र कमजोर पडतं, पण वर उचलायचं पाणी तेवढंच असतं. मोटार थोडी मंदावते आणि ती कसर जास्त करंट ओढून भरून काढते. पाच एचपीची थ्री फेज मोटार 415 व्होल्टवर साधारण 8 अँपिअर घेत असेल, तर 330 व्होल्टवर ती 10 अँपिअरपर्यंत जाऊ शकते. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट सव्वापट आणि वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून जास्त! मोटार जळाली की रिवाइंडिंगचा खर्च वेगळा, आणि ऐन हरभऱ्याच्या पाण्यात गेलेले चार दिवस वेगळे.

दाब जातो कुठं?

वस्तीवर एक एचपीची सिंगल फेज मोटार आहे, पोलापासून 300 मीटरवर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकलीय. जाऊन-येऊन तार झाली 600 मीटर, तिचा रोध सुमारे 4.4 ओहम. मोटारीनं 7 अँपिअर घेतले की 31 व्होल्ट केबलमध्येच गायब. पोलावर 200 असतील तर मोटारीला मिळतात 169. जाड केबल महाग वाटते, पण बारीक केबल रोज वसुली करते. सैल जोडाचंही तसंच. तिथं अर्धा ओहम रोध आणि 10 अँपिअर करंट असला, तर एकाच ठिकाणी 50 वॅट उष्णता. जोड काळा पडतो तो यामुळे.

आता डीपीवर या. लाईट येताच ऑटोस्विचमुळे सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक जण पाच-सहा पट करंट मागतो आणि डीपीवर ताण येतो. ऑटोस्विच काढा, असं महावितरण सांगतं ते याच हिशेबानं. त्यात फ्यूजच्या जागी जाड तार बांधलेली असेल तर संपलंच. फ्यूज ही मुद्दाम ठेवलेली कमजोर कडी आहे, ती वितळली की बाकीचं वाचतं. कडी मजबूत केली की जळायची पाळी डीपीची. मग सगळं शिवार कोरडं.

उपायही याच गणितात आहे. 100 केव्हीएच्या डीपीचा पूर्ण लोड 433 व्होल्टच्या लाइनमधून न्यायचा तर सुमारे 133 अँपिअर लागतात, तोच 11 हजार व्होल्टवर सव्वापाच अँपिअरमध्ये जातो. तार तीच धरली तर वाटेतला नाश सहाशे पटीहून कमी. म्हणूनच उच्चदाब वितरण प्रणालीत 11 केव्हीची लाइन थेट शेताजवळ आणून एक-दोन शेतकऱ्यांसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. येलदरीच्या धरणावर तयार होणारी वीजही दाब वाढवूनच लांब पाठवावी लागते.

रात्रीचं पाणी आणि आपलं अंग

हा नियम माणसालाही सोडत नाही. कोरड्या कातडीचा रोध हजारो ओहम असतो. ओल्या अंगाचा तो एक हजाराच्या आसपास येतो. 230 भागिले 1000, म्हणजे 0.23 अँपिअर. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहूनही कमी करंट पुरतो. रात्रीच्या पाळीत चिखलात अनवाणी उभं राहून ओल्या हातानं स्टार्टर दाबणाऱ्या आपल्या बापाचं, काकाचं हे गणित आहे. पायात कोरडे रबरी बूट, स्टार्टरखाली लाकडी फळी, पेटीला नीट अर्थिंग, आणि सिंगल फेज लाइनवर 30 मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी. यातली प्रत्येक गोष्ट एक तर रोध वाढवते, नाहीतर करंटला दुसरी वाट देते किंवा त्याला वेळेत तोडते.

या सुट्टीत गावाकडं गेलात तर स्टार्टरच्या पेटीवरचे दोन काटे वाचा. पेटी उघडायची नाही, फक्त वाचायचं. मोटार बंद असतानाच व्होल्ट कमी दिसत असतील, तर अडचण लाइनवर किंवा डीपीवर आहे. बंद असताना ठीक आणि चालू करून स्थिरावल्यावरही एकदम खाली येत असतील, तर आधी आपली केबल आणि जोड वायरमनला तपासायला सांगा. दोन आकडे वहीत लिहा, वजाबाकी करा, अँपिअरचा आकडा शेजारी मांडा. मोटार जळायच्या आधी घरच्यांना हे सांगणारं घरात कुणीतरी असायला पाहिजे, आणि नववी तर तुम्ही पास झालाच आहात.