चित्रातलं नाक

लेस्टरला मुलीकडे तीन महिने राहिलो, तेव्हा शेजारच्या आजींची डेझी रोज दुपारी माझ्या मांडीवर येऊन बसायची. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, लांब केसाळ कान, मोठे ओलसर डोळे. फिरायला नेलं की मध्येच थांबून मागचा पाय उचलायची आणि मानेजवळची हवा खाजवायची. पाय अंगाला लागायचाही नाही. ‘तंबोरा छेडतेय’ म्हणून मी हसायचो. त्या हसण्याची पुढे लाज वाटली, आणि म्हणून हा शोध घेतला.

डेझीची जात कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. वजन साधारण साडेपाच ते आठ किलो. स्पॅनियल हे मुळात पक्ष्यांच्या शिकारीतलं कुत्रं, त्यामुळे बागेत पाखरू दिसलं की डेझी आजही पट्टा ताणते. राखणीला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही; चोर आला तरी शेपूट हलवील. एकटेपणा तिला सोसत नाही. माणूस ज्या खोलीत, त्या खोलीत ती.

हा स्वभाव माणसानेच पिढ्यानपिढ्या निवडलेला आहे. १५७० साली जॉन कायस या इंग्रज वैद्याने कुत्र्यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. पोटाशी धरलं की पोटाचं दुखणं हलकं होतं, अशी या छोट्या स्पॅनियलची ख्याती त्यात नोंदलेली आहे. पुढच्या शतकात दुसरा चार्ल्स राजा त्यांच्यावर इतका लुब्ध होता, की राजा कामकाज सोडून कुत्र्याशी खेळत बसतो, अशी तक्रार सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत केली आहे.

एकोणिसाव्या शतकात फॅशन बदलली. आखूड नाकाच्या कुत्र्यांशी संकर झाला, चेहरा चपटा झाला. एखादं पिल्लू लांब नाकाचं निघालं तर ते बिघडलेलं समजत. रॉसवेल एल्ड्रिज हा अमेरिकन गृहस्थ जुन्या चित्रांतलं कुत्रं शोधत इंग्लंडला आला, पण त्याला सगळीकडे चपटी तोंडंच दिसली. मग १९२६ च्या क्रफ्ट्स प्रदर्शनात त्याने चित्रांतल्यासारख्या लांब नाकाच्या कुत्र्यासाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. १९२८ मध्ये ‘ॲन्स सन’ नावाचा कुत्रा आदर्श ठरला आणि नव्या जातीचा क्लब निघाला. एल्ड्रिज मात्र ते पाहायला उरला नव्हता. १९४५ मध्ये केनेल क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

नाक परत मिळालं, पण वंश मोजक्याच कुत्र्यांपासून वाढला. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळायचा रिवाज आहे. इथे घराण्यातल्या घराण्यातच सोयरिकी होत राहिल्या. परिणामी पाच वर्षांच्या सुमारास जवळजवळ निम्म्या कॅव्हेलियरांच्या हृदयाची झडप गळू लागते. दुसरं दुखणं कवटीचं. मेंदूच्या मानाने कवटी लहान पडते, मणक्यातल्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत पोकळ्या तयार होतात. मग मानेत विचित्र वेदना उठते आणि कुत्रं हवेतच खाजवतं. माझा तंबोरा तो हाच.

२०२२ च्या जानेवारीत ऑस्लोच्या न्यायालयाने ही पैदास नॉर्वेच्या प्राणिकल्याण कायद्याच्या विरुद्ध ठरवली. आहेत ती कुत्री पाळायला बंदी नाही. बंदी आहे ती तसाच वंश पुढे वाढवण्याला. दुसऱ्या जातींशी शास्त्रशुद्ध संकर करून निरोगी पिल्लं मिळवण्याची वाट मोकळी आहे. म्हणजे वंश थोडा ‘बिघडवला’ तरच तो टिकेल.

कुणाला असं पिल्लू आणायचं असेल, तर त्याच्या आईबापांच्या हृदयतपासणीचे आणि मेंदूच्या एमआरआयचे कागद आधी मागावेत. डोळ्यांकडे नंतर पाहावं. ते पाहिल्यावर कागद मागायचं सुचत नाही.

डेझीला आता रोज गोळ्या चालू आहेत. मुलगी व्हिडिओ कॉलवर दाखवते. माझा आवाज ऐकून ती कान टवकारते, फोनभोवती फिरते, आणि मध्येच पाय उचलते. आता मी हसत नाही.