राज्यसीमेपलीकडचा ग्रंथ : ग्रंथालयांची देवघेव आणि आपली जबाबदारी

मराठवाड्यातील दलित समाजाच्या जागृतीचा इतिहास अभ्यासावयास निघालेल्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा. मराठवाड्याचे पाच जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होते. भाग्यरेड्डी वर्मा यांचे आदि-हिंदू आंदोलन उभे राहिले ते हैदराबाद शहरात. त्या राज्यातील दलित चळवळीची हकीकत सांगणारा पी. आर. वेंकटस्वामी यांचा 'अवर स्ट्रगल फॉर इमॅन्सिपेशन' हा इंग्रजी ग्रंथ 1955 साली प्रसिद्ध झाला तो सिकंदराबादेहून. बी. श्यामसुंदर यांचा जन्म औरंगाबादचा. परंतु त्यांचे सार्वजनिक जीवन घडले हैदराबादेत, आणि 1968 साली त्यांनी भीमसेना स्थापन केली ती गुलबर्ग्यास. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय 1950 साली सुरू झाले ते औरंगाबादेत. हा सारा एकाच प्रदेशातील जागृतीचा इतिहास आहे. मात्र त्याची साधने आज तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांत विखुरलेली आहेत.

विदर्भाची स्थिती याहून फारशी निराळी नाही. 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. पुढे राजधानी भोपाळला गेली. मराठी ग्रंथांचा आणि हस्तलिखितांचा विचार केला तर ही यादी आणखी वाढते. वडोदऱ्याचे मध्यवर्ती ग्रंथालय, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय, 1832 साली स्थापन झालेले पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय, हैदराबादचे पूर्वीचे आसफिया ग्रंथालय, ही सर्व महाराष्ट्राबाहेर आहेत आणि महाराष्ट्राच्या अभ्यासकास ती वारंवार लागतात.

भाषावार राज्यरचना आवश्यक होती, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. परंतु राज्ये नव्याने आखली गेली तेव्हा ग्रंथ होते त्याच कपाटांत राहिले, आणि त्यांचे वाचक सीमेच्या दुसऱ्या बाजूस गेले. भारताच्या वित्तव्यवस्थेचा अभ्यास करण्यासाठी बाबासाहेबांना लंडनच्या ग्रंथालयांत दिवसचे दिवस बसावे लागले होते. आज अंतरे कमी झाली असली तरी मूळ अडचण तीच आहे. ज्याच्याजवळ प्रवासाचे भाडे आणि परगावी महिनाभर राहण्याचा खर्च आहे, त्यालाच आपल्या समाजाचा इतिहास लिहिता यावा काय? ग्रंथालयांच्या आंतरराज्य सहकार्याचा प्रश्न आमच्या दृष्टीने येथून सुरू होतो.

सीमा कोठून आली?

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र व राज्ये यांच्या विषयांची वाटणी केलेली आहे. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय केंद्राच्या सूचीत आहे. राज्याच्या नियंत्रणाखालील वा राज्याच्या पैशावर चालणारी ग्रंथालये राज्यसूचीत आहेत. त्यामुळे अनेक राज्यांनी आपापला ग्रंथालय कायदा केला. मद्रासचा कायदा 1948 चा, हैदराबादचा 1955 चा, म्हैसूरचा 1965 चा, महाराष्ट्राचा 1967 चा, तर गोव्याचा 1993 चा. या कायद्यांनी ग्रंथालयांना शासकीय आधार दिला, हे त्यांचे मोठे उपकार आहेत. परंतु कायदा राज्याचा, अनुदान राज्याचे आणि म्हणून सेवाही राज्यापुरतीच, अशी व्यवस्था त्यातून रुजली. लातूर जिल्ह्यातील वाचकाला शेजारच्या बिदरमधील ग्रंथालयाचा सभासद म्हणून सहजी ग्रंथ मिळत नाही.

1954 च्या ग्रंथ प्रदान कायद्याने प्रकाशकांवर आपल्या ग्रंथाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील नियत ग्रंथालयांस पाठविण्याचे बंधन घातले. ही तरतूद मुख्यतः जतनासाठी आहे. तिच्यामुळे ग्रंथ देशात कोठेतरी सुरक्षित राहतो; खेड्यातील वाचकाच्या हाती तो पोहोचविण्यासाठी निराळी व्यवस्था लागते.

सहकार्याची वाटचाल

ग्रंथाने वाचकाकडे जावे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि संस्थानात ग्रंथालय खाते उभे केले. लाकडी पेट्यांत ग्रंथ भरून ते गावोगाव पाठविणारी फिरती ग्रंथालये त्याच व्यवस्थेचा भाग होती. याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे 1931 साली मद्रासमध्ये डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दोन नियमांचा आशय असा की, प्रत्येक वाचकाला त्याला हवा असलेला ग्रंथ मिळाला पाहिजे आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. कोणतेही एक ग्रंथालय हे दोन्ही नियम एकट्याने पाळू शकत नाही. म्हणून ग्रंथालयांनी एकत्र येणे क्रमप्राप्त ठरते.

अमेरिकेत ओहायो राज्यातील महाविद्यालयांनी 1967 साली एकत्र येऊन संगणकावर सामाईक ग्रंथनोंदी ठेवण्यासाठी केंद्र स्थापन केले. आरंभी एका राज्यापुरती असलेली ही सोय पुढे इतर राज्यांतील आणि नंतर इतर देशांतील ग्रंथालयांनी स्वीकारली. भारतात 1988 साली नवी दिल्लीतील इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या ग्रंथालयात 'डेलनेट'चा आरंभ झाला. नावाप्रमाणे ते प्रथम दिल्लीतील ग्रंथालयांचे जाळे होते. आज अनेक राज्यांतील ग्रंथालये त्याची सभासद आहेत. कोलकात्यात 'कॅलिबनेट', अहमदाबादेत 'अडिनेट', पुण्यात 'पुणेनेट' अशी नगरनिहाय जाळीही उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 'इन्फ्लिबनेट' प्रकल्पाची सुरुवात 1991 साली पुण्यातील 'आयुका' संस्थेच्या अखत्यारीत झाली. 1996 साली ते स्वतंत्र केंद्र झाले आणि आज ते गांधीनगर येथून देशभरातील विद्यापीठांच्या ग्रंथनोंदी एकत्र करते. त्याच्या 'शोधगंगा' या संग्रहामुळे एका राज्यातील विद्यापीठात सादर झालेला प्रबंध दुसऱ्या राज्यातील विद्यार्थी घरबसल्या वाचू शकतो.

ग्रंथ कसा येतो?

या सेवेला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. तिची रीत सोपी आहे. वाचक आपल्याच ग्रंथपालाकडे मागणी नोंदवतो. ग्रंथपाल संयुक्त तालिकेत, म्हणजे सर्व सभासद ग्रंथालयांच्या एकत्रित नोंदींमध्ये, तो ग्रंथ कोठे आहे हे पाहतो आणि त्या ग्रंथालयास विनंती पाठवतो. ग्रंथ टपालाने किंवा कुरिअरने येतो, ठरावीक मुदतीसाठी वाचकाला मिळतो आणि त्याच मार्गाने परत जातो. दुर्मीळ वा जीर्ण ग्रंथ सहसा बाहेर पाठवीत नाहीत. त्यातील हव्या त्या भागाची प्रत कॉपीराइट कायद्याच्या मर्यादेत राहून पाठविली जाते.

यातील एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ग्रंथ देणारे ग्रंथालय वाचकाला ओळखत नसते. ते दुसऱ्या ग्रंथालयावर विश्वास ठेवते. ग्रंथ गहाळ झाला तर जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाची. त्यामुळे वाचकाची जात, त्याचे गाव, त्याची ऐपत, त्याची ओळखपाळख यांचा येथे काही संबंध येत नाही. मोठ्या ग्रंथालयाच्या दारात ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, त्या विद्यार्थ्याला याचे मोल अधिक कळेल.

मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. ही जाळी प्रामुख्याने विद्यापीठे, महाविद्यालये आणि संशोधन संस्था यांची आहेत. गावातील 'क' वा 'ड' वर्गाचे सार्वजनिक ग्रंथालय बहुधा त्यांच्या बाहेरच राहते. शिक्षण संपले की वाचकाच्या हातून ही सोयही निसटते.

नोंद नसेल तर

या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे ग्रंथाची नोंद. जो ग्रंथ तालिकेत नाही, तो मागताच येत नाही. नोंद असली तरी ती एकसारखी नसेल तर घोटाळा होतो. बाबासाहेबांचे आडनाव मराठीत 'आंबेडकर', तर हिंदीत 'अंबेडकर', 'अम्बेडकर' किंवा 'आम्बेडकर' असे लिहिले जाते. संगणकाला हे चार निरनिराळे लेखक वाटतात. भोपाळच्या नोंदीतील ग्रंथ नागपूरच्या वाचकाला त्यामुळे दिसत नाही. यावर उपाय म्हणजे एका लेखकाच्या नावाचे एक रूप प्रमाण मानून बाकीची रूपे त्याला जोडून ठेवणे. संयुक्त तालिकेचे पुष्कळसे काम अशा कष्टाळू जुळवाजुळवीचे असते.

नियतकालिकांची अडचण याहून मोठी. 'मूकनायक' 1920 चा, 'बहिष्कृत भारत' 1927 चे, 'जनता' 1930 ची आणि 'प्रबुद्ध भारत' 1956 चे. अशा पत्रांचे अंक एकाच ठिकाणी सलग मिळतीलच असे नाही. 'जनता उपलब्ध' एवढी नोंद अभ्यासकाच्या उपयोगाची नाही. कोणत्या वर्षाचे कोणते अंक आहेत, हे लिहिले तरच एका ग्रंथालयातील खंडित संच दुसऱ्यातील अंकांनी भरून निघतो.

आणि जे साहित्य कोणत्याच ग्रंथालयात गेले नाही त्याचे काय? जलशांच्या गाण्यांच्या पुस्तिका, परिषदांची हस्तपत्रके, धम्मदीक्षेच्या काळातील छोटी प्रकाशने, तालुक्याच्या गावी छापलेले जयंतीचे विशेषांक यांच्या प्रती प्रकाशकाने शासनाकडे पाठविल्याच असतील असे नव्हे. आपल्या घरांतील पत्र्याच्या पेट्यांत आणि विहारांच्या कपाटांत असे पुष्कळ कागद आहेत. चळवळीच्या इतिहासाला ते अस्सल साधन आहेत. वाळवी आणि ओल त्यांचा नाश करीत आहेत, आणि पेटी कोणाकडे आहे हे ठाऊक असणारी पिढीही मागे सरत आहे.

आपण काय करू शकतो?

पहिले काम आमच्या विद्यालयाच्या ग्रंथालयाचे आहे. दाखल नोंदवहीतील ग्रंथ संगणकावर देवनागरीत नोंदवावे लागतील. लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि नियतकालिक असल्यास अंक, एवढी माहिती आरंभास पुरेशी आहे. 'ई-ग्रंथालय' ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची आज्ञावली आणि 'कोहा' ही मुक्त आज्ञावली या कामासाठी उपलब्ध आहेत. ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीतील काही दिवस दिले तर हे काम मार्गी लागेल.

दुसरे काम पालकांचे आणि समाजबांधवांचे. घरातील जुना कागद दान द्यावाच असा आमचा आग्रह नाही. तो पाहू द्यावा, त्याची नोंद व छायाप्रत घेऊ द्यावी आणि मूळ प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी. सोलापूर, नांदेड, बिदर, निजामाबाद अशा सीमेच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्या आप्तांनाही हे सांगावे; नातीगोती राज्यसीमेने तुटलेली नाहीत, त्यांचा येथे उपयोग व्हावा.

तिसरे काम महाविद्यालयात शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचे. आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय अशा एखाद्या जाळ्याचे सभासद आहे काय, हे ग्रंथपालांना विचारावे, आणि असल्यास मागणी नोंदवावी. मागणीच नसेल तर ही सेवा कागदावर राहते आणि पुढे वर्गणीचा खर्च अनाठायी वाटू लागतो.

आजवर आपण ज्ञानाच्या व्यवहारात मागणारे म्हणून उभे राहिलो. देवघेव या शब्दात देणे आधी येते. आपल्या संग्रहाची नोंद झाली, तर गुलबर्ग्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या विद्यार्थिनीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना एखादा अंक आमच्या विद्यालयाकडे मागता येईल. तो तिला पाठविता यावा, एवढी सिद्धता या स्मरणिका वर्षात आपण सर्वांनी मिळून करावी, अशी आमची विनंती आहे.